हत्ती राहू दे, तू आडवी हो

चि. सोनू,


"मावशी, दुसरं येईपर्यंत पिल्लूला मी काहीच देऊ शकत नाहीये," हे तुझं परवाचं वाक्य अजून मनात डाचतंय. सातवा महिना, दिवसभर ऑफिस, आणि रात्री उशिरापर्यंत फरशीवर मांडी घालून प्लेग्रुपसाठी कार्डशीटचा हत्ती कापत बसायचं. वर म्हणायचं, काहीच देत नाही! तो हत्ती ज्याच्या नावानं शाळेत गेला तो त्या वेळी कुठे होता? गाढ झोपलेला. पावणेदोन वर्षांच्या मुलाला कात्रीनं सोंड कापता येत नाही हे प्लेग्रुपच्या बाईंना कळत नसेल असं थोडंच आहे? तरी दर शुक्रवारी 'प्रोजेक्ट' घरी येतो, आया जागरणं करतात आणि सोमवारी भिंतीवर आयांच्या कामाचं प्रदर्शन लागतं. मला या रीतीचा मनस्वी राग आहे. थोडा तुझाही आला, लपवत नाही.

अगं, या वयाच्या मुलाला हत्ती नकोच असतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला रोडा केलॉग नावाची बालशिक्षिका होती. तिनं लहान मुलांची चित्रं जमवायला घेतली आणि तो संग्रह दहा लाखांच्या घरात गेला. 1969 साली आलेल्या पुस्तकात तिनं दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या रेघोट्या लावून दाखवल्या आणि त्यांचे 20 मूळ प्रकार सांगितले: ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी, नागमोडी, वेटोळं, एकावर एक गिरवलेले गोल, जेमतेम जुळलेलं वर्तुळ. घर, सूर्य, माणूस हे सगळं पुढे याच रेघांतून येतं. दोन वर्षांचं मूल कशाचं तरी चित्र काढत नसतं. हात फिरला की मागे खूण उरते आणि ती आपल्यामुळे उरते, हा त्याचा शोध चाललेला असतो. तिथे आपण मध्येच "हा बघ हत्ती, असा काढ" म्हणून त्याचा हात धरतो.

आणि साहित्याचं म्हणशील तर तू पिल्लूसाठी मागवलेल्या ऑनलाइन किटवर घातलेले पैसे ऐकून मला समुद्रकाठचं बोर्डी गाव आठवलं. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं, माँटेसरीची देखणी, महागडी लाकडी साधनं त्यांना चांगली माहीत होती. पण 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा त्यांना दिसलं की ही साधनं खेड्यातल्या मुलांपर्यंत पोहोचणार नाहीत. मग त्यांनी आणि अनुताई वाघांनी समुद्रावरचे शिंपले, गारगोट्या, बिया, पानं, काड्या गोळा केल्या आणि त्यांवरच वर्गीकरण, मोजणी, रंग, आकार शिकवले. मुलं केंद्रात येत नाहीत म्हणून पाड्यावरच्या अंगणात जाऊन वर्ग भरवले. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथेही तेच. आज गावोगावच्या अंगणवाडीत जे चालतं त्याची एक मुळी त्या अंगणात आहे. तुला बोर्डीतली ती मे महिन्याची सुट्टी आठवते ना? चिकूच्या वाडीतून परत यायला तू तयार नव्हतीस, आणि फ्रॉकच्या ओच्यातले शिंपले ताईनं, तुझ्या आईनं, फेकले म्हणून केवढा गोंधळ घातलास! कोणी 'अ‍ॅक्टिव्हिटी' दिली होती तुला? ताई खाटेवर पडून होती. तिला तेव्हा धाकटा होणार होता, आणि तिनं पडून राहण्याबद्दल कधी वाईट वाटून घेतलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पिल्लूला तुझी मेहनत नको, तुझी नजर हवी. आणि नजर आडवं पडूनही देता येते.

आता काय करायचं ते नीट ऐक. गॅलरीत ऊन आल्यावर एका वाडग्यात चमचाभर पाणी, पिल्लूच्या हातात भिंत रंगवायचा स्वच्छ रुंद ब्रश, आणि पुढे तुमची शहाबादी फरशी. पाणी लागलं की करडी फरशी काळी होते, तो पट्टा पाच मिनिटांत उन्हात विरतो, पिल्लू पुन्हा ओढतो. पहिला पट्टा कुठे गेला म्हणून वाकून बघतो, तळहात ठेवून बघतो. तू वेताच्या खुर्चीत बसायचं, समोर मोडा घेऊन पाय वर. बोलायचंही नाही सारखं. वाडगं मात्र उथळच असू दे, बादली जवळ ठेवू नकोस. एवढ्या मुलाला वीतभर पाणीही धोक्याचं.

वर्तमानपत्र फाडू दे. तुला तो पसारा वाटेल, पण फाडताना एक हात पुढे जातो आणि एक मागे. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करणं त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. पुढे बटण लावायला, कात्री धरायला हेच उपयोगी पडणार. फाडलेलं टोपलीत भरायचं, ओतायचं, परत भरायचं. भेंडीचं देठाकडचं टोक कापून बिटाच्या रसात बुडवलं की कागदावर फूल उमटतं. हे काम सकाळी भाजी चिरतानाच होतं, वेगळी तयारी लागत नाही.

आणि कणीक! प्ले-डो म्हणून जो रंगीत गोळा तू डब्याडब्यानं आणतेस, तो मुळात अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या एका कारखान्यातला, भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसायचा लगदा होता. 1950च्या दशकात के झुफॉल या बालवाडीच्या शिक्षिकेनं तो मुलांच्या हातात दिला, मुलं रमली, आणि त्यावरून पुढे खेळणं झालं. आपल्या घरात रोज सकाळी परातीत ताजा गोळा असतोच. त्यातला लिंबाएवढा त्याला दे, हळद लाव हवी तर. इंटरनेटवरचा भरपूर मीठ घातलेला गोळा मात्र करू नकोस. पिल्लू अजून सगळं तोंडात घालतो, आणि तेवढं मीठ लहान मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं.

तोंडाचं निघालंच म्हणून सांगते. मणी, राजमा, वाटाणे, बटणं तीन वर्षांपर्यंत नकोत. शेंगदाणा श्वासनलिकेत गेल्याच्या केसेस आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ नेहमी बघतात. रिमोटमधला नाण्यासारखा सेल तर नजरेलाही पडू देऊ नकोस, तो गिळला गेला की काही तासांत अन्ननलिका भाजते. चिकूची बी खेळायला तुझ्या वेळी चालली, पण तेव्हा तू सहा वर्षांची होतीस.

आणि हे तुझ्यासाठी. ऑइलपेंट, टर्पेंटाइन, स्प्रे यांच्या वासात बसायचं नाही. ठशांसाठी शेंदूर वापरायचा नाही. काही शेंदरांत शिसं सापडलेलं आहे, आणि ते वारेतून थेट बाळापर्यंत जातं. कुंडीतली माती मांजरं उकरतात, तिच्यातून टॉक्सोप्लाझ्मा हा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा मातीकाम हातमोजे घालून किंवा सरळ जावईबापूंकडे. शाडूचं पाकीट आणलं तर हरकत नाही.

तुला दमायला होतं हा आळस नव्हे गं. या काळात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, हृदयाला सतत जास्त काम पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला होता. तुझं हिमोग्लोबिन किती आलं ते तू दोनदा टाळलंस, माझ्या लक्षात आहे. लोहाची गोळी चहाबरोबर घेतेस का अजून? चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे, चहा तास-दोन तासांनी.

परवा व्हिडिओ कॉलवर तू पैंजण काढून ठेवल्याचं हसत सांगितलंस, रुतायला लागले म्हणून. मला काही हसू आलं नाही. संध्याकाळी घोट्याला सूज येते हे पुष्कळ जणींचं होतं. पण चेहरा किंवा बोटं सुजली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, छातीखाली उजवीकडे दुखलं, तर रात्र असो की पहाट, निघायचं. रक्तदाब 140/90 किंवा त्याच्या वर गेला तर उद्यावर टाकायचं नाही. ताईच्या वेळी कोणी मोजायला नव्हतं, आणि त्यानंतरचं तुला सांगायला नको.

रजेचा अर्ज अजून का दिला नाहीस? 2017च्या दुरुस्तीपासून दुसऱ्या बाळंतपणालाही 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. 'नंतरसाठी राखून ठेवते' हे तुझं गणित मला पटत नाही. आधीचे निदान चार तरी घे. प्लेग्रुपच्या बाईंना या शुक्रवारी सांगून टाक की घरून यापुढे फक्त पिल्लूनं ओढलेल्या रेघा येतील. लावायच्या तर त्या लावा भिंतीवर.

रक्तदाब किती भरला आणि हिमोग्लोबिन किती, हे दोन आकडे मला उद्या दुपारपर्यंत कळव. नाही कळवलेस तर मी जावईबापूंना फोन करणार आहे.

तुझी
मावशी