आईचं मूत्रपिंड, सेहगलांची गोळी

माझ्या उजव्या कुशीत आईचं मूत्रपिंड आहे. तिचं ऋण फिटणार नाही, फेडायचीही इच्छा नाही. पण ते माझ्या अंगात टिकवून ठेवलं ज्यांनी, त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांच्याविषयी लिहायलाच हवं.

"आईचंच आहे, मग भिऊपाचें कितें?" असं फोंड्याच्या घरी भेटायला येणारा जो तो म्हणे. शरीर मात्र असलं नातं मानत नाही. माझ्यात निम्मा वारसा वडिलांचा, तसा तिच्यात निम्मा माझ्याशी न जुळणारा. तेवढ्यावरून टी-पेशी परकेपण ओळखतात, भराभर वाढतात आणि चाल करून येतात. पूर्वी स्टेरॉइड आणि अ‍ॅझाथायोप्रिनवरच भिस्त असे. त्यांनी प्रतिकारशक्ती सरसकट दबायची. मला ऑपरेशनच्या दिवशी आणि चौथ्या दिवशी बॅसिलिक्सिमॅब दिलं. ते चेतलेल्या टी-पेशींना वाढीचा निरोप पोचू देत नाही, बाकीच्यांच्या वाटेला फारसं जात नाही.

मग टॅक्रोलिमस, सकाळी आठ आणि रात्री आठ. रक्त तपासायचं असेल तर सकाळची गोळी त्यानंतरच. आई घड्याळाकडे बघत गोळी हातावर ठेवी. पपनसाने औषधाची रक्तातली पातळी चढते, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून चवथीला माटोळीचं पपनस आमच्या घरात कुणी सोललं नाही. आई ते शेजारी देऊन टाकी.

टॅक्रोलिमस मूत्रपिंड राखतं, पण वर्षानुवर्षं घेतलं की त्यालाच इजाही करू शकतं. माझं क्रिएटिनिन चढू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी टॅक्रोलिमस हळूहळू उतरवून सिरोलिमस सुरू केलं. 1964 साली ईस्टर बेटावरून कॅनडात नेलेल्या मातीतल्या एका जीवाणूपासून हे औषध आलं. मॉन्ट्रियलला सुरेन्द्रनाथ सेहगल यांनी ते वेगळं काढलं. पुढे तिथली प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा त्यांनी जीवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीझरमध्ये जपल्या. कुणी विचारत नसताना इतकी वर्षं एका द्रव्यावर विश्वास ठेवणं, हे मला आईच्या दानाइतकंच मोठं वाटतं. 1999 मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. 2003 मध्ये सेहगल कर्करोगाने गेले.

फोंडा, डिचोली, पेडण्यात कुणाला मूत्रपिंड मिळालं असेल, तर एवढंच सांगतो. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नका. ताप आला, लघवी कमी झाली किंवा पाय सुजले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.