हरणीचं वेत

5 डिसेंबर 2024, गुरुवार

आज चोपन्नावा दिवस. दसऱ्याला, 12 ऑक्टोबरला, हरणीला पलीकडच्या वस्तीवरच्या कुत्र्याला दाखवलं होतं. कुत्रीचे दिवस त्रेसष्ट धरायचे, चार-पाच इकडेतिकडे.

गोठ्याशेजारच्या खोलीत जुन्या दाराच्या फळ्यांचा खोका केला, चार फूट बाय चार. चारी बाजूंना आतून, जमिनीपासून पाच-सहा बोटं वर बांबू ठोकले. आई अंग टाकते तेव्हा फळी आणि पाठ यांच्यामध्ये पिल्लू सापडतं. बांबू असला की खालच्या फटीत ते वाचतं. एका कोपऱ्यावर शंभरचा पिवळा बल्ब टांगला. सगळ्या खोक्यावर नाही, एकाच कोपऱ्यावर. गरम झालं तर पिल्लाला सरपटत बाजूला जाता आलं पाहिजे.

कारवानी जातीच्या अंगावर चरबी म्हणून नाही आणि केस मखमलीसारखे आखूड. जतच्या माळावर पहाटे आपल्यालाच हुडहुडी भरते. नवी पिल्लं स्वतःची ऊब धरू शकत नाहीत, पहिला आठवडा तर त्यांना अंगावर काटाही आणता येत नाही. या वेताचं अर्धं काम थंडीशीच असणार आहे.

यांनी आज तिसऱ्यांदा विचारलं, "किती होतील?" दोन जणांनी आत्ताच पिल्लू सांगून ठेवलंय.

9 डिसेंबर, सोमवार

सांगलीला जाऊन एक्स-रे काढला. पंचावन्न दिवसांनंतर पिल्लांची हाडं स्पष्ट दिसतात. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने एकेक डोकं मोजलं. सात. हा आकडा पिल्लांच्या किमतीसाठी नको होता मला. सात माहीत असले की सहावर थांबायचं नाही, एवढ्यासाठी.

पण आज एक चूक कळली, ती लिहून ठेवते. एकाने सांगितलं म्हणून मी गेले दोन आठवडे तिला गाईच्या कॅल्शियमच्या बाटलीतलं रोज दोन चमचे देत होते. हाडं भरतील, दूध येईल, असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, आजच बंद करा." बाहेरून आयतं मिळालं की हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणणारी गळ्यातली ग्रंथी सुस्तावते. मग दूध सुरू झालं आणि एकदम मागणी वाढली की ती जागी होत नाही. गाईला दुग्धज्वर होतो तसाच प्रकार. गाईच्या बाबतीत हे मला माहीत होतं. कुत्रीच्या बाबतीत विचारसुद्धा केला नाही.

14 डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती

गेले पाच दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मापतेय. 101, 100.8, 101.2 असं चाललं होतं. आज सकाळी 98.6. दुपारी पुन्हा मापलं, 98.4. हा आकडा 99 च्या खाली उतरला की साधारण दिवसभरात कळा येतात.

सकाळची भाकरी हुंगली आणि सोडली. खोक्यातली गोधडी पंजांनी उकरून उकरून कोपऱ्यात गोळा केली, पुन्हा पसरली. धापा टाकते, थरथरते, माझ्याकडे बघते, उठून दारापर्यंत जाते, परत येते. कास टम्म झालीय, सडाला हात लावला तर दुधाचा थेंब.

आत्या दत्ताच्या देवळातून आल्या त्या थेट गोठ्याकडे. चप्पल बाहेर काढून खोक्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "हिला काय खायला घातलंस गं सकाळपास्नं?" आज दिवसभरात हरणीबद्दल विचारणाऱ्या त्या पहिल्याच. बाकी सगळे पिल्लांबद्दल विचारून गेले.

15 डिसेंबर, रविवार

आत्ता सकाळचे नऊ. हात अजून थरथरतायत, पण आत्ताच लिहिलं नाही तर क्रम विसरेन.

रात्री साडेदहाला पहिली खरी कळ. पोट कडक झालं, शेपूट उचलली. अकराला पाणमोट दिसली, काळपट फुग्यासारखी, आणि दोन कळांत पहिलं पिल्लू. हरणी बावरून मागे सरली. हे तिचं पहिलंच वेत. मी हात पुढे केला, पण आत्यांनी मनगट धरलं. "थांब. तिला कळू दे." मी मनात आकडे मोजत राहिले. वीसपर्यंत आले आणि हरणीने पाणमोट दातांनी फोडली, पिल्लाचं तोंड चाटलं, नाळ चावून तोडली. पिल्लू चिरकलं.

दुसरं आलं तेव्हा ती पहिल्याला चाटण्यातच गुंग होती. तिथे मात्र थांबले नाही. पडदा नाकावर तसाच राहिला तर पिल्लू दोन-तीन मिनिटांत गुदमरतं. बोटाने फाडला, तोंडातलं पाणी पुसलं, जुन्या टॉवेलने अंग खसखसून चोळलं. पोटापासून बोटभर अंतरावर नाळ दोऱ्याने बांधून कापली, टोकाला आयोडीन लावलं, आणि ओलं पिल्लू तिच्या तोंडापाशी ठेवलं. लगेच घेतलं तिने.

प्रत्येक पिल्लाच्या वारेची वहीत एकेक रेघ. वार आत राहिली तर कुजते, म्हणून हा हिशेब. कुत्री वार खाते, ते तिच्या रक्तातच आहे, पण तीन खाल्ल्यावर उरलेल्या मी काढून घेतल्या, नाहीतर हगवण लागते. पहिल्या पिल्लानंतर हिरवट-काळं पाणी येत राहिलं, त्याने यांचा जीव घाबरा झाला. ते पिल्लू यायच्या आधी आलं असतं तर गाडी काढावी लागली असती. नंतर ते वारेचंच असतं.

तीन वाजेपर्यंत सहा. तीन कुत्रे, तीन कुत्र्या. सहावी इवलीशी. मग हरणी डोकं टाकून पडून राहिली. कळ नाही, काही नाही. चार वाजले. पाच वाजले. हे म्हणाले, झालं असेल, सहाच असतील. मी म्हटलं, एक्स-रेत सात होती. दोन तासांच्या वर खंड पडला की फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही तरीही. फोन उचलला त्यांनी, देव भलं करो त्यांचं. "घेऊन निघा" म्हणाले. गाडीत गोणपाट टाकून तिला उचलून ठेवलं आणि त्या हालचालीनेच असेल, कळ आली. मागचे पाय आधी. शेवटच्या जागी बराच वेळ अडकलं होतं बिचारं.

वीस मिनिटं चोळलं. पूर्वी पिल्लू उलटं धरून झटकायचे. तसं करू नका, मेंदूला इजा होते, असं सांगितलं होतं, म्हणून डोकं खाली ठेवून नुसतं चोळत राहिले, छातीवर बोटांनी दाबत राहिले. नाही आलं. पांढऱ्या पायांचा कुत्रा होता. आत्यांनी आपल्या पदराचा तुकडा दिला. यांनी बांधावरच्या लिंबाखाली खड्डा काढला.

सात पिल्लं, सात वारा. वजनं: 410, 420, 395, 380, 360, आणि धाकटीचं 250 ग्रॅम. मसाला जोखायचा काटा वापरला.

16 डिसेंबर, सोमवार

रात्री लाइट गेली. कधी गेली कळलंच नाही, मी बसल्याजागी डुलकी घेत होते. जाग आली तेव्हा पाच जण आईच्या पोटाशी आणि धाकटी बांबूखाली एकटी. हातात घेतली तर दगडासारखी थंड, तोंडाचा आतला भागही थंड.

घाईने कुणीही दूध पाजायला जाईल. गार पडलेल्या पिल्लाची आतडी हलत नाहीत, पाजलेलं दूध पोटातच नासतं. आधी ऊब, मग दूध. ते सुद्धा हळूहळू, एकदम शेकून नाही. आत्यांनी तिला चोळीच्या आत छातीशी धरली आणि भिंतीला टेकून बसल्या. मी चुलीवर पाणी तापवून बाटल्या भरल्या, कापडात गुंडाळून खोक्यात ठेवल्या. तास-दीड तास. ग्लुकोजच्या पाण्याचं बोट तिच्या हिरडीला लावत राहिले. साडेचारच्या सुमारास तिने बोट चोखलं. मग तिला हरणीच्या मागच्या सडाला लावलं, तिथे दूध जास्त असतं, आणि दुसऱ्यांना हाताने अडवून धरलं. चीक पहिल्या दिवसातच पोटात गेला पाहिजे, नंतर त्यातली ताकद पिल्लाच्या रक्तात उतरत नाही. काल थोडा तरी गेला असेल, अशी आशा.

22 डिसेंबर, रविवार

आठवडा झाला. पाचही जणांचं वजन दुपटीला आलंय. धाकटी 430. दर दोन तासांनी तिला आधी सडाला लावायची, हा नेम आत्या आणि मी वाटून घेतलाय. पिल्लांची नखं कापली, हरणीच्या कासेवर ओरखडे उठले होते.

आत्यांनी डिंकाचे लाडू करायचं काढलं, बाळंतिणीला म्हणून. मनुका कुत्र्याच्या किडनीला घातक, हे सांगून थांबवावं लागलं. मग त्यांनी अंडी आणि मटणाचं पाणी घालून भात शिजवला, बिनकांद्याचा. दिवसातून चार वेळा. एवढं खाऊनही हरणीच्या फासळ्या मोजता येतात.

27 डिसेंबर, शुक्रवार

दोघांचे डोळे किलकिले झाले. आत निळसर धुकं.

29 डिसेंबर, रविवार

जंताचं औषध, वजनावर मापून, सहाही जणांना. जंत आईच्या पोटातूनच येतात, म्हणून दोन आठवड्यांनाच सुरुवात. हरणीलाही दिलं. टाळी वाजवली तर एक जण दचकला. कान उघडायला लागलेत.

5 जानेवारी 2025, रविवार

ज्याची भीती होती तेच.

संध्याकाळी हरणी पिल्लांना सोडून बाहेर आली आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागली. धापा टाकत होती, थंडीत. मला वाटलं पिल्लं दात लावतायत म्हणून कंटाळली. अर्ध्या तासाने चाल बदलली, लाकडी पायांनी चालल्यासारखी. मांडीवर हात ठेवला तर कातडीखाली स्नायू उडत होते. तोंडातून लाळ. ताप 105.4.

वाट बघितली नाही. जतला डॉक्टर नव्हते, पुढच्या गावातल्यांना गाठलं. वाटेत मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला तिचं अंग ताठ व्हायचं. माझ्या मनात त्या बाटलीतले दोन चमचे. रोजचे, चौदा दिवसांचे. त्यानेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. सहा पिल्लं ओढतायत, तिसरा आठवडा, दूध भर आलेलं, एवढंही पुरतं म्हणाले. पण मी ते माझ्या नावावरून पुसणार नाही.

पुढच्या पायाच्या शिरेतून कॅल्शियम. डॉक्टर एका हाताने सिरिंज थेंबाथेंबाने दाबत होते आणि दुसऱ्या हाताने नळी तिच्या छातीवर. घाई केली तर हृदय बंद पडतं. ठोका अडखळला की थांबायचे, पुन्हा सुरू. पंधरा मिनिटांत कंप थांबला. हरणीने मान उचलली आणि माझ्या मनगटावरचं तिचंच लाळेचं पाणी चाटलं.

घरी आलो तर रात्रीचा एक. ओसरीत कंदील लावून आत्या जाग्या. त्यांनी विचारलं, "हरणी जगली का?"

6 जानेवारी, सोमवार

चोवीस तास पिल्लांना आईपासून लांब. हरणी पलीकडच्या खोलीत दार खरडतेय, इकडे सहा जण टाहो फोडतायत. पिल्लांसाठीची दुधाची भुकटी सांगलीहून आधीच आणून ठेवली होती, म्हणून निभावलं. गाईचं दूध त्यांना पाणचट पडतं, कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं दुपटीहून जास्त. पाजताना पिल्लू पालथंच ठेवायचं, मान जरा वर. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. शेजारच्या पोरीला हे तीनदा शिकवलं, मग बाटली हातात दिली.

आता कॅल्शियम सुरू, डॉक्टरांच्या मापाने. तेव्हा नको होतं, आता हवं.

14 जानेवारी, मंगळवार, संक्रांत

पिल्लं परातीत. नाचणीची पेज, दुधाची भुकटी, कुस्करलेलं अंडं. खाण्यापेक्षा चालणं जास्त, सगळे कोपरापर्यंत माखलेले, हरणीने येऊन एकेकाला चाटून साफ केलं. दुपारी तिने आपलं खाल्लेलं त्यांच्यापुढे ओकून टाकलं आणि ते तुटून पडले. पाहुण्यांना किळस आली. लांडगीही असंच करते, पिल्लांना दुधावरून घासावर आणण्याची ही तिची रीत.

एक जण तिळगूळ आणि पाचशेंची चळत घेऊन आला. पिल्लू आजच पाहिजे, लहानपणी नेलं की माणसाळतं म्हणे. कारवानी म्हणजे घोरपड्यांच्या मुधोळची जात, 2005 ला टपाल तिकिटावर आलेली, वगैरे त्यानेच मला सांगितलं. मी म्हटलं, आठ आठवड्यांच्या आत एकही जाणार नाही. चावताना किती जोर लावायचा, कुठे थांबायचं, हे ती भावंडांकडून आणि आईच्या गुरगुरण्यातून आत्ता शिकतायत. महिनाभराचं उचलून नेलेलं कुत्रं पुढे हाताला चावतं, मग तेच माणूस त्याला हायवेवर सोडून येतं. हे बोलताना माझा आवाज चढला. हे गप्प बसले होते, पण तो गेल्यावर म्हणाले, बरोबर बोललीस.

29 जानेवारी, बुधवार

पहिली लस. धाकटीने डॉक्टरांच्या घड्याळाचा पट्टा चावला.

9 फेब्रुवारी, रविवार

आज तीन गेली. प्रत्येकाबरोबर खोक्यातल्या गोधडीचा हातभर तुकडा, जंताच्या औषधाच्या तारखा, पुढच्या लशीचा दिवस आणि तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस, असं कागदावर लिहून दिलं. उरलेल्यांतली दोन पुढच्या रविवारी. धाकटी कुठे जाणार नाही, हे कुणी ठरवलं नाही, आत्यांनी तिला कुणाला दाखवलीच नाही.

नेणाऱ्यांपैकी दोघांनी विचारलं, पुढचं वेत कधी? एकाने पैसे आगाऊ देऊ केले. यांनी माझ्याकडे बघितलं. हे कॅल्शियमचं एकदा झालं की पुढच्या वेतालाही होण्याची भीती असते, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी त्या माणसाला सांगितलं, पुढचं वेत नाही. कास आटली की हरणीचं ऑपरेशन करून घेणार आहे, मार्चमध्ये. तारीख घेतलीय.

संध्याकाळी भाकरी चुरून दिली. सगळी खाल्ली, ताटली चाटून पुसली, आणि अंगणात जाऊन पाच-सहा फेऱ्या धावली, पाठ कमानीसारखी वाकवून, दसऱ्याच्या आधी धावायची तशी. धाकटी मागे धडपडत होती. मसाल्याच्या काट्यावर ती आता मावत नाही.