भाग २

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. २०२५ च्या दिवाळीत आलं ते असं: शेवयांचं यंत्र, मुलांच्या फुटक्या पाट्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात जुन्या वायरींच्या गुंत्याखाली दोन छोट्या डिस्क निघाल्या. मोठ्या पुरीएवढ्या. त्यांच्यावर ह्यांचं वळणदार अक्षर. ‘सेवापूर्ती २९-२-०८, भाग १’ आणि ‘भाग २’.

नव्या वाचकांसाठी सांगते. माझा जन्म फेब्रुवारी १९५० चा. अठ्ठावन्न पूर्ण होतील त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी शिक्षकाने निवृत्त व्हायचं, असा नियम. २००८ नेमकं लीप वर्ष, त्यामुळे मी निवृत्त झाले २९ फेब्रुवारीला. "बाई, तुमच्याकडून सरकारने एक दिवस जादा काढून घेतला," असं स्टाफरूममध्ये सगळे चिडवत होते. साताऱ्यातल्या आमच्या शाळेच्या सभागृहात निरोप समारंभ झाला आणि ह्यांनी त्याचं चित्रण केलं. हॅंडीकॅम आदल्याच वर्षी घेतला होता आणि ह्यांची नव्याची नवलाई अजून संपलेली नव्हती.

हे २०१६ साली गेले. घरात ह्यांचे फोटो कमीच, कारण कॅमेरा कायम ह्यांच्या हातात. आणि आवाज तर कुठेच नाही. आमचा फोन तेव्हा साधा, बटणांचा. म्हणून डिस्क हातात घेतल्यावर मला समारंभ आठवला नाही. एकच गोष्ट डोक्यात आली. चित्रण करणारा माणूस चित्रात दिसत नाही, पण त्याचा आवाज सगळ्यांत जवळून येतो. आणि गप्प बसणं हा काही ह्यांचा स्वभाव नव्हता!

झालं, लागले कामाला.

पहिली अडचण प्लेअरची. आमचा डीव्हीडी प्लेअर २००५ सालचा. बटण दाबलं की आत घुर्र व्हायचं, पण ट्रे काही बाहेर येईना. पोवई नाक्याजवळच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे रिक्षातून घेऊन गेले. त्याने झाकण उघडून बोटाएवढा रबरी पट्टा काढून दाखवला. "आजी, हा सैल पडलाय. मशीन चांगलंय. नुसतं पडून राहिलं की रबर मरतं." पट्टा बदलायचे ऐंशी रुपये घेतले. नुसतं पडून राहिलं की काय होतं ते गुडघ्यांमुळे मला ठाऊकच आहे, त्यामुळे वाद घातला नाही.

दुसरी अडचण टीव्हीची. लाल, पांढरी, पिवळी अशा तीन वायरी. नव्या टीव्हीला मागे भोकं होती लाल, पांढरं आणि हिरवं. पिवळं नाहीच! हिरव्यात पिवळी घातली तर चित्र आलं, पण काळंपांढरं. दोन दिवस मला वाटत होतं की प्लेअरच म्हातारा झाला. शेवटी पुण्याहून नातीने फोनवर उलगडा केला. ते एकच भोक दोन कामांसाठी असतं, टीव्हीच्या यादीत ‘एव्ही’ निवडायचं, ‘कंपोनंट’ नाही. निवडलं, आणि रंग आले. "आजी, माझ्या लॅपटॉपला तर डिस्कचं तोंडच नाहीये," असंही ती म्हणाली. म्हणजे तिची अडचण माझ्याहून मोठी.

आता भाग १. ट्रेच्या मधोमध एक खोलगट वर्तुळ असतं. ते या छोट्या डिस्कसाठी असतं हे ह्यांनीच कधीतरी सांगितलेलं. तिथे ठेवली आणि सुरू झाली! सभागृह, समई, मुख्याध्यापकांचं न संपणारं भाषण. पण अर्ध्या तासात ह्यांचा एक शब्द नाही. मग आठवलं. सुरुवातीला कॅमेरा स्टॅंडवर लावून हे पहिल्या रांगेत जाऊन बसले होते. माझं भाषण सुरू झाल्यावर उठून त्यांनी कॅमेरा हातात घेतला. म्हणजे जे हवं ते भाग २ मध्ये.

भाग २ घातली. गरगर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. पडद्यावर दोनच शब्द आले: नो डिस्क.

डिस्क समोर आहे, मी स्वतःच्या हाताने ठेवली आहे, आणि हे यंत्र म्हणतं डिस्क नाही! वर्गात हजर असलेल्या मुलाची गैरहजेरी मांडावी तसा प्रकार.

व्हीसीआरच्या काळात असं नव्हतं. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही घरोघरी येऊ लागले, मागोमाग भाड्याचे व्हीसीआर आले. त्या कॅसेट किती त्रास द्यायच्या! पावसाळ्यात बुरशी धरायची, फीत यंत्रात अडकायची, चित्रावर आडव्या रेघा यायच्या. पण कॅसेट म्हातारी झाली तरी खोकत, अडखळत का होईना, बोलायची. खराब तुकडा कापून चिकटवला तरी पुढचं दिसायचं. डिस्कचं तसं नसतं. एक तर स्वच्छ बोलते, नाहीतर एकदम मुकी होते. मधलं काही नाही.

डिस्क पुसली. गोल गोल पुसायची नाही, मधून कडेकडे सरळ पुसायची. गोल चरा पडला तर तो नोंदीच्याच दिशेने पडतो आणि ओळच्या ओळ खातो. मऊ सुती कापडाने पुसून पुन्हा घातली. नो डिस्क. प्लेअरच्या भिंगावरची धूळ काढून घेतली. नो डिस्क. भाग १ मात्र निमूट चालत होती, म्हणजे प्लेअरचा दोष नाही हे सिद्ध झालं. (गणित शिकवत नव्हते, पण एवढं कळतं.)

एका संध्याकाळी दोन्ही डिस्क खिडकीपाशी उजेडात तिरप्या धरून पाहिल्या. भाग १ ची खालची बाजू कडेपर्यंत एकाच छटेची. भाग २ ला मात्र आत एक गडद पट्टा आणि कडेला फिकट वर्तुळ. घरी भरायच्या डिस्कमध्ये रंगाचा एक पातळ थर असतो, लेझर तो जाळत जातो, आणि जळलेला भाग डोळ्यांना वेगळा दिसतो. म्हणजे डिस्क कोरी नव्हती! तीन चतुर्थांश भरलेली होती. बोलणं आत होतं, बाहेर येत नव्हतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

माझा एक जुना विद्यार्थी लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. त्याच्याकडे गेले. त्याने डिस्क नुसती पाहिली आणि म्हणाला, "बाई, ही फायनलाइज केलेली नाही."

त्याने समजावलं ते माझ्या भाषेत असं. निकालपत्रकात सगळे गुण भरले आहेत, पण बेरीज नाही आणि मुख्याध्यापकांची सही नाही. ज्याने भरलं त्याला ते वाचता येतं, बाहेरचा कोणी ते ग्राह्य धरत नाही. कॅमेऱ्यात शेवटी एक आज्ञा द्यावी लागते. मग डिस्कवर सुरुवातीची नोंद, विषयसूची आणि शेवटची खूण लिहिली जाते. त्यानंतर ती कुठल्याही प्लेअरवर चालते, पण तिच्यात नवीन काही भरता येत नाही. ही आज्ञा दिली नाही तर ती फक्त त्या कॅमेऱ्यातच दिसते.

आणि तो कॅमेरा बॅटरी फुगली म्हणून २०१३ मध्ये भंगारात गेला. दिला कोणी? मीच.

तेवढ्यात मला आठवलं. समारंभाच्या रात्री मी म्हटलं होतं, ते एकदाचं पुरं करून टाका. तर हे म्हणाले, "अजून आठ मिनिटं शिल्लक आहेत. बंद केली तर वाया जातील. पाडव्याला सगळे जमतील तेव्हा भरू." साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारा माणूस, तो आठ मिनिटं वाया कशी घालवणार! पाडवा आला आणि गेला, आठ मिनिटं तशीच राहिली.

विद्यार्थ्याने डिस्क ठेवून घेतली. त्याच्या जुन्या संगणकात बिघडलेल्या डिस्क वाचायचा प्रोग्रॅम होता. विषयसूची नसली तरी तो एकेक तुकडा चाचपत वाचतो म्हणे. पहिल्या ड्राइव्हने दाद दिली नाही. त्याने कुठूनतरी दुसरा, जुना ड्राइव्ह आणून जोडला आणि रात्रभर चालू ठेवला. सकाळी फोन आला. "बाई, बावीस मिनिटं निघाली. मधे मधे चौकोन दिसतात, पण आवाज चांगलाय." पैसे घेईना. शेवटी लाडवांचा डबा दिला.

पेन ड्राइव्हवर टाकून घरी आणलं आणि दार लावून एकटीनेच पाहिलं. माझं भाषण. आधी माझं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. "सरका हो जरा." ह्यांचा आवाज! "बाळ, दिव्यासमोर नको उभा राहू." मग तो खास खोकला. मी थांबवून थांबवून ऐकलं.

मग भाषण ऐकलं. सगळ्यांचे आभार मानले होते मी. संस्थेचे, मुख्याध्यापकांचे, सहकाऱ्यांचे, शिपाईमामांचे, विद्यार्थ्यांचे. मुलं लहान असताना त्यांना सांभाळणाऱ्या सासूबाईंचेसुद्धा. टाळ्या झाल्या. आणि टाळ्यांच्या आवाजात, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, हे हसून स्वतःशीच म्हणाले, "आम्ही राहिलोच की."

चौतीस वर्षं नोकरी केली. परीक्षांच्या दिवसांत पहाटे उठून चहा ह्यांनी केला, पेपरांचे गठ्ठे सायकलवरून ह्यांनी वाहिले, उतारे तपासताना माझ्या बेरजा ह्यांनी पडताळल्या. आणि एवढ्या मोठ्या यादीत एक नाव राहिलं. त्यानंतर आठ वर्षं हे होते. कधी बोलून दाखवलं नाही. विसरलेही असतील. मला तर ठाऊकच नव्हतं.

शेवटचं मिनिट रिक्षातलं आहे. कॅमेरा चालूच राहिला होता. पडद्यावर नुसत्या ह्यांच्या चपला आणि हाराची पिशवी. ह्यांचा आवाज: "उद्या शनिवार. सकाळची शाळा. मग, गजर लावू का नको?" आणि माझा, त्रासलेला: "अहो, आधी तो कॅमेरा बंद करा!" तिथे संपतं.

आता मंडळी, एक काम करा. तुमच्या कपाटांत, माळ्यांवर अशा डिस्क असतीलच. उजेडात धरून बघा, चालवून बघा, चालत असतील तोवर उतरवून घ्या, आणि एकाच ठिकाणी ठेवू नका. माझ्या तीन प्रती झाल्या आहेत, एक पुण्याला, एक मुलाकडे, एक माझ्या उशाशी. ज्यांना हवी असेल त्यांना पाठवीन.

आणि त्या यादीतलं राहिलेलं नाव आज इथे लिहून ती पुरी करते. अहो, तुमचे आभार. सतरा वर्षं उशीर झाला.