दोन खंडुग जमीन

श्वानांचा समागमकाल भाद्रपदातला आणि गर्भवास सुमारे ६३ दिवसांचा, हा हिशेब ध्यानात घेतला म्हणजे दिवाळीच्या पणत्या विझून कुक्करहळ्ळी तलावावर पहाटेचे धुके रेंगाळू लागते नेमक्या त्याच दिवसांत म्हैसूरच्या गल्ल्यांतून नवजात पिल्लांची कुईंकुईं का ऐकू येते, याचा उलगडा होतो. यंदा सरस्वतीपुरम्‌मधील आमच्या घरासमोर, पुष्कळ वर्षे कुलूपबंद असलेल्या एका बंगल्याच्या जिन्याखाली, अशीच चार पिल्ले जन्मास आली; आणि त्यांचे डोळे उघडल्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी, सायंकाळी दिवा लावून बाहेर येताच पत्नीने मला विचारले, "अहो, त्या पांढऱ्या पायांच्या पिल्लाला आपण घेऊ या का?"

तिच्या या साध्या प्रश्नाला उत्तर देण्यास मला पाच आठवडे लागले.

नोकरीच्या निमित्ताने बेळगावाहून या शहरात येऊन आम्हांला आता एकतीस वर्षे झाली. कन्या पुण्यास संसारात रमली. सेवानिवृत्तीनंतर घरातील घड्याळाचा टोला पूर्वीपेक्षा मोठा ऐकू येऊ लागला. आणि फाटकाची कडी वाजली असता धावत येणारे, आपण बाहेरून आलो एवढ्याच कारणाने कृतार्थ होणारे कोणी तरी या घरात असावे, ही इच्छा आम्हां उभयतांच्या मनात केव्हापासून घर करून होती, हे मी प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु इच्छा प्रबळ झाली म्हणून वेळ योग्य झाली असे होत नाही. आजवर मी पुष्कळांच्या घरी पाहिले आहे, की मुलाच्या वाढदिवसाला टोपलीतून आलेले पिल्लू वर्षभरात गच्चीवरच्या साखळीपर्यंत पोहोचते, आणि पुढे बदलीचा हुकूम आला म्हणजे त्याचे काय करावे हा प्रश्न सामानसुमानाच्या यादीत सर्वांत शेवटी लिहिला जातो. त्या साखळीचा आवाज ज्याने रात्री ऐकला आहे त्याला हे 'का' सहजासहजी ओलांडता येणार नाही.

प्रथम मी शास्त्राकडे वळलो. पशुवैद्यांनी समजावून सांगितले की निदान आठ आठवडे तरी पिल्लाला आईपासून तोडू नये. खेळताना किती चावावे आणि कोठे थांबावे हा धडा ते आईकडून आणि भावंडांकडूनच शिकते. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन संशोधकांनी दीर्घकाळ श्वानशावकांचे निरीक्षण करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यातही हेच प्रतिपादन आहे, की तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या स्वभावाचा पाया घालणारा काळ होय. या अवधीत ज्याला मनुष्याचा सहवास घडला नाही ते पुढे मनुष्याला भीतच राहते. सहा ते आठ आठवड्यांपासून लसींचा क्रम, तीन महिन्यांनी रेबीजची लस, पुढे दरसाल तिची पुनरावृत्ती. आमच्या बालपणी कुत्रे चावलेल्या माणसाला पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, त्या आठवणीने पत्नी अजूनही शहारते. पण १८८५ साली पाश्चरने एका नऊ वर्षांच्या मुलावर जो प्रयोग केला त्याची पुण्याई आज गल्लीतल्या दवाखान्यातही मिळते, तेव्हा ती भीती निर्णयाच्या आड येण्याजोगी नव्हती.

एका स्नेह्यांनी सुचविले की घ्यायचेच तर मुधोळचे घ्या. घोरपड्यांच्या त्या संस्थानाने ज्याची जोपासना केली, ज्याला आपल्याकडे कारवान म्हणतात आणि ज्याचे चित्र २००५ साली टपाल तिकिटावर झळकले, त्या श्वानाविषयी मराठी मनाला जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे. पण तो वाऱ्याशी शर्यत लावणारा जीव. त्याला माळ हवा, आणि आमच्यापाशी आहे ते बारा पावलांचे अंगण. तो विषय तेथेच संपला.

संपला नाही तो वयाचा हिशेब. पत्नी सहासष्ट वर्षांची, मी एकोणसत्तरीचा. आणि नीट सांभाळलेले श्वान बारा-चौदा वर्षे सहज जगते. म्हणजे त्या पिल्लाच्या वार्धक्यात, त्याची दृष्टी मंदावून त्याला हाताने भरवावे लागेल तेव्हा, भरविणारा हात त्र्याऐंशी वर्षांचा असेल, किंवा नसेल. पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या मी ही वजाबाकी अनेक वेळा केली, उत्तर बदलेना.

याच दिवसांत मला आतकूरच्या शिलालेखाचे स्मरण झाले. म्हैसूरपासून फार दूर नसलेल्या, मंड्या जिल्ह्यातील मद्दूर तालुक्यातल्या आतकूर गावचा तो शिलाखंड आज बंगळुरूच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. वेरूळचे कैलास लेणे ज्या राष्ट्रकूट कुळाने खोदविले त्याच कुळातील तिसऱ्या कृष्णाने तक्कोलम्‌च्या रणात चोळांचा पराभव केला, त्या युद्धात त्याचा मांडलिक गंगराजा बूतुग याच्या पक्षाकडून मणलेर नावाचा वीर मोठ्या शौर्याने लढला. आणि प्रसन्न झालेल्या स्वामीने 'माग' म्हटले तेव्हा या वीराने गाव मागितले नाही, वतन मागितले नाही, 'काळी' नावाचे एक शिकारी श्वान मागितले. पुढे त्या श्वानाला एका प्रचंड रानडुकरावर सोडले असता दोघेही परस्परांशी झुंजून मेले. शके ८७२ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या ९४९-५० च्या सुमारास, आतकूरच्या चेल्लेश्वरासमोर त्या श्वानाच्या स्मरणार्थ शिळा उभी राहिली, आणि तिच्यावर ती झुंज कोरली गेली.

एवढे बहुतेकांना आवडते, आणि बहुतेक जण येथेच थांबतात. मला मात्र त्या लेखाचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो, कारण तेथे कारुण्य संपून व्यवस्था सुरू होते. मोठ्या तळ्याखालची दोन खंडुग जमीन (आपल्या 'खंडी'चाच हा सहोदर शब्द) त्या शिळेकडे लावून दिली आहे. ती जो हिरावून घेईल त्याच्या माथी दोष ठेवला आहे. आणि त्या स्थानाची वहिवाट पाहणारा जो गोरव, म्हणजे शैव पुजारी, त्याने शिळेची पूजा केल्यावाचून अन्न घेऊ नये असा निर्बंध घातला आहे. एका श्वानावरील प्रेम हजार वर्षांपूर्वी कोणी दगडावर उतरविले, तेव्हा त्याने स्तुतीच्या जोडीला इनाम लिहिले, कायमची तजवीज केली, आणि रोज कोणी तरी आधी त्याचे करून मग स्वतःचे पान वाढून घेईल याची तरतूद केली! आम्ही पिल्लाच्या पांढऱ्या पायांकडे पाहत होतो. आमची दोन खंडुग जमीन कोठे होती?

तेव्हा कन्येला दूरध्वनी केला, आणि आमच्यामागे त्याचा सांभाळ तू करशील का, असे सरळ विचारले. तिने लगेच होकार दिला असता तर मी कदाचित हुरळून गेलो असतो. ती काही क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, "बाबा, आज हो म्हणणं सोपं आहे. दोन खोल्यांचं घर, दोघांच्या नोकऱ्या. चौदा वर्षांनी मी कुठे असेन ते मला ठाऊक नाही. खोटं कशाला बोलू?" तिच्या त्या उत्तराने मला वाईट वाटले, आणि तिच्याविषयीचा आदर दुणावला.

अशा रीतीने पिल्लाची वेळ आमच्यासाठी टळून गेली होती. ती दहा वर्षांपूर्वी होती, तेव्हा आम्हांला सवड नव्हती. हे पत्नीला सांगावयास मी बाहेर गेलो तो ती फाटकाशी उभी राहून समोर पाहत होती. चार पिल्लांतले एक थंडीत दगावले होते. उरलेली तीन आईच्या अंगावर ओढत होती, आणि आई, जिला सारी गल्ली 'केंपी', म्हणजे तांबडी, म्हणते, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा देहाने निश्चल उभी होती. दसऱ्यापूर्वी हत्ती-घोड्यांना सवय व्हावी म्हणून तोफांच्या तालमी होतात, त्या दिवसांत हीच गाभण अवस्थेत आमच्या पायरीवर येऊन थरथरत बसली होती. आम्ही तिला पाणी दिले होते आणि विसरून गेलो होतो. धर्मराजामागून हिमालय चढणारा श्वान आपल्या सर्वांच्या परिचयाचा. परंतु महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञमंडपात, माझ्या लेकराला निरपराध का मारले, असा जाब विचारणारी सरमा ही आई आहे, आणि तिचे आपल्याला क्वचितच स्मरण होते.

पशुवैद्यांनी दात पाहून केंपीचे वय पाच-सहा वर्षांचे ठरविले. म्हणजे तिचे उर्वरित आयुष्य सात-आठ वर्षांचे; माझ्या वजाबाकीत ते बसत होते. पिल्ले आठ आठवड्यांची झाली तेव्हा दोन ओळखीच्या घरांत गेली, आणि पांढऱ्या पायांचे पलीकडच्या गल्लीतील एका दहा वर्षांच्या मुलीकडे गेले. तिच्या वडिलांशी मी अर्धा तास बोललो, आणि ते कंटाळले नाहीत यावरून मला भरवसा वाटला. दूध आटल्यावर केंपीची शस्त्रक्रिया झाली, रेबीजची लस टोचली गेली, कानाला खूण आली. टाके भरेपर्यंतचे दहा दिवस ती आमच्या मागील पडवीत राहिली, आणि नंतर फाटक उघडून दिले तरी गेली नाही. आमच्यामागे चुकून ती उरलीच, तर तिच्या अन्नाची आणि औषधाची रक्कम बँकेत वेगळी ठेवून तिचा कागद मी करून ठेवला आहे. त्यावर, तिला सांभाळण्याची हमी म्हणून, दूधवाल्या बाईंनी, आपल्या मुलासमक्ष, आपण होऊन अंगठा उठविला. इतकी वर्षे गल्लीत तिला तुकडा टाकणाऱ्या त्याच होत्या.

घरात ती अजून येत नाही, उंबऱ्याशी थांबते. दुपारी साडेबाराला माझे पान मांडलेले असते, भात वाफाळत असतो, पण पत्नी आधी दहीभाताची ॲल्युमिनियमची थाळी घेऊन मागच्या दाराने जाते, आणि थाळी फरशीवर सरकल्याचा आवाज कानी येईपर्यंत मी घासाला हात लावीत नाही.