कादंबरी पडद्यावर आली तेव्हा

आमच्या घरी कादंबरी एकट्याने वाचण्याची चाल नव्हती. साताऱ्याच्या नगर वाचनालयातून पुस्तक आले की दुपारची जेवणे आटोपल्यावर माजघरात बैठक बसे. एकीच्या हाती पुस्तक आणि बाकीच्यांच्या हाती निवडावयाचे तांदूळ नाही तर वळावयाच्या वाती. वाचणारी ऐन मोक्यावर थांबली की चहूकडून ओरड होई, आणि चहाचे आधण चुलीवर ठेवून कोणी तरी परत येईतो ती थांबलेलीच राही. आम्ही लहानपणी हे पाहिले; आमच्या आधीच्या पिढीत तर ही बैठक अधिकच भरत असे. अशा घरात कादंबरीतील माणसे छापील राहत नाहीत. त्यांच्या सासवांना नावे ठेवली जातात, त्यांच्या बापांच्या कर्जाची काळजी केली जाते, आणि नायिकेने कोणते लुगडे नेसावयास हवे होते यावरही मतभेद होतात. मग एके दिवशी बातमी येते की त्या कादंबरीचा बोलपट निघाला आहे. आणि जी माणसे आपण वर्ष-दोन वर्षे घरात बाळगली, ती कोणी परका आपल्याला दाखविणार, अशी हुरहुर व थोडी नाराजी अगोदरच मनात धरून मंडळी तिकिटे काढतात.

आमच्या घरातील असा सर्वांत जुना प्रसंग १९३७ सालचा. कादंबरी होती नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’. आपट्यांचे नाव आज मागे पडले आहे, परंतु सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत ते आप्तासारखे घेतले जात असे. त्यांचा जन्म १८८९ साली सांगलीजवळच्या समडोळीचा, आणि पुढे वास्तव्य साताऱ्याजवळच्या कोरेगावचे. १९७१ साली ते वारले तेही तेथेच. त्या काळी सातारा इंग्रजी मुलखात मोडे आणि सांगली पटवर्धनांच्या संस्थानात. मात्र आपट्यांवर हक्क सांगताना दोहोंकडची माणसे ही सरहद्द जुमानीत नसत. ‘पहाटेपूर्वीचा काळोख’, ‘सुखाचा मूलमंत्र’ ही नावे तर बायकांच्या तोंडी वाक्प्रचारासारखी बसली होती.

प्रभात फिल्म कंपनीला त्यांचे वावडे नव्हते. १९२९ साली कोल्हापुरास निघालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यास आली, आणि तेथे काढलेला तिचा पहिला बोलपट, १९३४ चा ‘अमृतमंथन’, आपट्यांच्या ‘भाग्यश्री’वरूनच घेतलेला होता. त्यानंतर तीन वर्षांनी व्ही. शांताराम यांनी ‘न पटणारी गोष्ट’ हाती घेतली. पटकथाही आपट्यांनीच लिहिली. मूळ लेखकच बरोबर आहे म्हटल्यावर वाचकांनी निर्धास्त राहावयास हरकत नव्हती.

पण पहिला धक्का नावापासूनच बसला. मराठी बोलपटाचे नाव ‘कुंकू’ आणि हिंदीचे ‘दुनिया न माने’. आमच्या आजीचे म्हणणे असे की जाहिरात वाचून ही आपलीच गोष्ट आहे हे कळावयास दोन दिवस लागले. विचार केला तर ‘न पटणारी गोष्ट’ या नावाचे दोन अर्थ होतात: मुलीला न पटणारी, किंवा जगाला न पटणारी. हिंदी नावाने दुसरा अर्थ उचलला. मराठी नावाने दोन्ही सोडून देऊन कपाळावरचे चिन्हच पुढे केले, आणि आमच्या मते तेच सर्वांत बोचरे ठरले. नीरा ही पोरकी मुलगी. मामा पैशाच्या लोभाने तिला फसवून काकासाहेब नावाच्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. ती त्यांच्या घरी राहते, पण हा विवाह मानण्याचे साफ नाकारते. मग तिच्या कपाळीचे कुंकू कोणाच्या नावाचे?

दुसरी तक्रार चेहऱ्याची. ही तक्रार जगभर सारखीच दिसते. अमेरिकेत ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी १९३६ साली आली, आणि नायिका कोणी व्हावे यावर तिकडच्या वाचकांनी बोलपट निघण्यापूर्वीच इतके रण माजविले की शेवटी एका इंग्रज नटीची निवड झाली तेव्हा दक्षिणेकडील कित्येकांना तो आपल्या घराण्याचा अपमान वाटला. आमच्या माजघरातील नीरा सडपातळ, खाली मान घालून ठामपणे बोलणारी अशी होती. पडद्यावर आल्या शांता आपटे: मान वर, नजर समोर, हातात वेत घ्यावयालाही न कचरणाऱ्या. शिवाय त्या लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. मामाच्या घरी वाढलेली पोरकी पोर असे इंग्रजी गाईल काय, हा आजीचा प्रश्न होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही. तथापि आजीनेच पुढे कबूल केले की दुसऱ्या खेळानंतर जुनी नीरा तिला आठवेनाशी झाली. पाहिलेल्या चेहऱ्यापुढे कल्पिलेला चेहरा टिकत नाही. वाचकाचा राग बहुधा या हरण्याचाच असतो.

तिसरी अपेक्षा मात्र केवळ वाचकांची नव्हे, ती आमच्या सबंध प्रांताची होती, आणि तिचे मूळ सांगलीच्या वेशीवर आहे. सांगलीपासून अगदी जवळ, कृष्णाकाठी हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवल तेथले. त्यांचे ‘शारदा’ नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून जरठ-कुमारी विवाह म्हटला की प्रेक्षकांना नवरा कसा असावयाचा आणि गोष्ट कशी संपावयाची हे जणू पाठच झाले. नवरा म्हणजे भुजंगनाथ: दात पडलेला, नटणारा, हसण्यावारी नेण्याजोगा. ऐन लग्नात सगोत्र निघून विवाह मोडतो, शारदा नदीत जीव द्यावयास जाते, आणि कोदंड नावाचा तरुण तिला वाचवून तिचे पाणिग्रहण करतो. प्रेमकथेची आवड असलेल्या वाचकाला याहून काय हवे? ‘कुंकू’ पाहावयास गेलेल्या कित्येकांनी शेवटपर्यंत त्या कोदंडाची वाट पाहिली असावी, कारण आमच्या घरच्या मंडळींनी तरी पाहिली. पहिल्या अर्ध्या तासात जो कोणी बऱ्या चेहऱ्याचा तरुण पडद्यावर येई, त्याच्याकडे सर्व बायका आशेने पाहत, असे आई सांगे.

कोदंड आलाच नाही. ‘कुंकू’त नीरेला प्रियकर नाही. तिचे ‘नाही’ कोणा दुसऱ्याच्या प्रेमासाठी नाही, ते तिचे स्वतःचे आहे. आणि म्हातारा हसण्याजोगाही राहत नाही. केशवराव दाते यांचा काकासाहेब मिशांना कलप लावतो तेव्हा प्रेक्षक हसतात. पण आरशात स्वतःकडे पाहणारा, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत बसलेला तोच माणूस पुढे पुढे असा दिसू लागतो की हसणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. बोलपटात गाणी आहेत, केशवराव भोळ्यांनी ती बांधली; परंतु प्रसंगांच्या मागे वाद्ये वाजत नाहीत. घरातले आवाज तेवढे ऐकू येतात. त्यामुळे शांततेत घड्याळ फार मोठे होते. कादंबरीला हे साधले नसते, आणि येथे आम्ही बोलपटाच्या बाजूचे आहोत.

आता सांगलीच्या आजीविषयी लिहिणे भाग आहे. ही आमच्या आईची काकू. तिला सोळाव्या वर्षी बिजवराला दिली होती, तेव्हा त्याचे वय बेचाळीस होते. सावत्र मुलगी तिच्याहून एका वर्षाने मोठी. काका संस्थानच्या कचेरीत कारकून, स्वभावाने गरीब, वाचनाचे वेडे; ‘न पटणारी गोष्ट’ घरी त्यांनीच आणली आणि बायकोच्या हाती दिली. देताना काय बोलले, ते तिने आम्हांला कधी सांगितले नाही. ‘कुंकू’लाही तेच घेऊन गेले. ते पुरुषांत बसले, ती बायकांत.

पुढे आम्ही कॉलेजात असताना, सुटीत सांगलीस गेल्यावर, धीर करून तिला विचारले, की आजी, तुम्हांला बोलपट कादंबरीसारखा वाटला का? ती म्हणाली, “कादंबरीसारखा आहे की नाही हे बघायला मी गेलेच नव्हते. त्या म्हाताऱ्याला लोक हसतात का, एवढंच मला बघायचं होतं. आधी हसले. शेजारची बाई माझ्याकडे बघून हसली. मग कुणी हसेना, तेव्हा मला बरं वाटलं.” थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, “नीरा बोलली. आम्हांला असं बोलता येतं हेच ठाऊक नव्हतं.”

शेवट तिला पसंत नव्हता. बोलपटात काकासाहेबांना आपला अपराध उमगतो आणि ते आत्महत्या करून नीरेला मोकळी करतात. “मरून मोकळी केली. जिवंतपणी का नाही केली?” असे तिने विचारले. तिची स्वतःची सुटका, तिला तसे म्हणावयाचे असेल तर, १९५३ साली काका वारले तेव्हा झाली. ती तेव्हा अडतीस वर्षांची होती, पदरी दोन मुले होती, आणि ती बारा दिवस एका शब्दानेही बोलली नाही असे आई सांगत असे. त्यांच्याविषयी वावगा शब्द तिच्या तोंडून आम्ही ऐकला नाही. चांगला शब्दही क्वचितच ऐकला.

तिच्या प्रश्नाचे कोरडे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १८५६ पासून हिंदु विधवेला पुनर्विवाह करता येत होता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय निदान चौदा ठरविले, पण नवऱ्याच्या वयाला वरची मर्यादा घातली नाही. पंधरा वर्षांची मुलगी आणि साठ वर्षांचा वर हे लग्न त्या कायद्याला निर्वेध चालत होते. आणि लागलेले लग्न मोडण्याची सोय मुंबई इलाख्यातील हिंदु स्त्रीला १९३७ साली नव्हती; ती १९४७ साली झाली, सर्व देशाला १९५५ साली. म्हणजे नीरेला धर्माने व कायद्याने मोकळी करावयाची तर लेखकापाशी एकच दार होते, आणि ते काकासाहेबांच्या मरणाचे. कथेचा शेवट असा पुष्कळदा लेखकाच्या टेबलावर ठरत नाही. ‘रेबेका’ या इंग्रजी कादंबरीत नवरा बायकोचा खून करतो. १९४० साली हिचकॉकने तिचा चित्रपट केला तेव्हा हॉलिवूडची नियमावली खुनी नवऱ्याला मोकळा सुटू देईना, म्हणून खुनाचा अपघात करावा लागला. निर्माता मूळ पुस्तकाशी इमान राखण्याबद्दल प्रसिद्ध असूनही! तिकडे नियमाने खून पुसला, इकडे कायद्याच्या अभावाने एक मरण ओढवले.

हे सर्व आम्ही सांगलीच्या आजीला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “कायदा नव्हता हे खरं. पण गोष्ट लिहायला कायदा कशाला लागतो?”

यावर आम्हांला तेव्हा काही सुचले नाही. आज इतके म्हणावेसे वाटते की कादंबरीचा चित्रपट झाला म्हणजे वाचक प्रसंगांचा हिशेब मागतो, अमुक पान कोठे गेले म्हणून विचारतो, तो हिशेब किरकोळ आहे. खरे मागणे आजीने मागितले: गोष्टीने जो प्रश्न उभा केला, त्याला पडद्यावर जाताना कोणी मऊ करू नये. नीरेच्या नकाराच्या बाबतीत ‘कुंकू’ने हे मागणे पुरे केले. शेवटाच्या बाबतीत निम्मे केले.

घरच्या मुलांना हे फार जुने वाटते. त्यांची कादंबरी म्हणजे सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’, कॉलेजच्या कट्ट्याची आणि तुटलेल्या प्रेमाची. तिचा चित्रपट संजय जाधव यांनी २०१३ साली केला. त्यात शिरीन झालेल्या सई ताम्हणकर सांगलीच्याच, म्हणून आमच्या आजोळी त्याचे कौतुक दुप्पट. पण पुस्तकाची पाने सुटेपर्यंत वाचलेल्या एका भाच्याने चित्रपट पाहून आल्यावर रात्रीचे जेवण होईपर्यंत कोणाशी बोलणे केले नाही, आणि नंतर जे सुरू केले ते दीड वाजेपर्यंत थांबविले नाही. त्याचा दिग्या वेगळा होता, त्याचा कट्टा वेगळा होता. ऐकताना आम्हांला माजघर आठवले, तांदूळ तेवढे नव्हते.

त्याच मुलांना बसवून गेल्या दिवाळीत ‘कुंकू’ दाखविला. कंटाळतील असे वाटले होते, पण नीरा वेत उगारते तेथे टाळ्या पडल्या. शकुंतलाबाई परांजपे या स्वतः समाजकार्य करणाऱ्या विदुषी. त्यांनी काकासाहेबांच्या विधवा मुलीचे काम केले आहे. ती बापाला खरे बोलते तेव्हा खोलीत कोणी मोबाइल पाहत नव्हते. संपल्यावर एका नातीने विचारले, “मग हिचा हीरो कोण?” हीरो नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना, मधला भाग कापला असेल, असे तिने सुचविले. दुसरी म्हणाली, आज कोणी हा चित्रपट पुन्हा केला तर पहिल्याच गाण्यात शेजारचा मुलगा गॅलरीत उभा करतील. या भीतीत तथ्य आहे. तेव्हा कोणाच्या मनात तसे असल्यास आमची वाचक म्हणून अपेक्षा आताच कळवून ठेवतो: चेहरा कोणाचाही चालेल, इंग्रजी गाणेही ठेवा, पण तो मुलगा नको. आणि काकासाहेबांना जिवंत ठेवता येईल का, तेवढे पाहावे.