उसनं स्वयंपाकघर

वाय नदीचं खोरं पाहायला आलेल्या पहिल्या हौशी प्रवाशांना स्वयंपाक करावा लागत नसे. रॉस गावात छत घातलेली नाव ठरवायची. नावेत चित्रं काढायला मेज, खाण्यापिण्याच्या टोपल्या, वल्ही मारायला माणसं. मध्ये मॉन्मथला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी चेपस्टोला उतरायचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांना या सफरीचं वेडच लागलं होतं. त्या वेडामागे विल्यम गिल्पिन या पाद्रीबुवांचं पुस्तक होतं. ते 1770च्या उन्हाळ्यात इथून गेले आणि 1782 साली त्यांनी ते छापलं. निसर्ग कसा पाहावा याचे त्यांनी जवळजवळ नियमच घालून दिले. नदी वळणावळणांची हवी, दोन्ही बाजूंना कडे हवेत, नजर अडेल असं काहीतरी समोर हवं. टिंटर्नच्या मठाचे अवशेष त्यांना आवडले, पण त्याच्या त्रिकोणी भिंती फारच नीटस उरल्या आहेत, कुणी हातोडा घेऊन त्या थोड्या फोडल्या तर चित्र सुधारेल, असं त्यांना वाटलं. आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं!

त्याच पुस्तकात त्याच अवशेषांच्या आडोशाला राहणारी गरीब माणसंही आहेत. मठाचं ग्रंथालय दाखवते असं सांगून एक म्हातारी गिल्पिनना आत नेते आणि दाखवते ती पडक्या भिंतींमधली स्वतःचीच ओली खोपटी. ते वाचताना माझं लक्ष नदीवरून उडून तिच्याकडेच जातं. या बाईची चूल कुठे होती?

हा प्रश्न मला पडतो, कारण या खोऱ्यात आम्ही येतो ते आठवड्यासाठी एक स्वयंपाकघर भाड्याने घ्यायला. बाकीचं घर त्याला जोडून मिळतं, असं म्हटलं तरी चालेल. टिंटर्नच्या आसपास अशी दगडी घरं पुष्कळ आहेत. कुणा मजुराचं, कुणा नावाड्याचं, कुठे तबेल्याचं केलेलं घर. नियम सगळीकडे साधारण सारखेच. शनिवारी दुपारी चारनंतर यायचं आणि पुढच्या शनिवारी दहाच्या आत निघायचं. किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या पेटीत असते. ओट्यावर पाव, चहाच्या पिशव्या, बिस्किटं आणि फ्रिजमध्ये दुधाची बाटली, एवढा पाहुणचार बहुतेक मालक ठेवतात. पुढचं तुमचं तुम्ही बघायचं.

यंदा आत्या वाईहून आली होती. तिने आल्या आल्या खोरं पाहिलं नाही, खण उघडून पाहिले. वाईनचे पेले भरपूर, अंडी ठेवायच्या छोट्या वाट्या, चीज कापायची तार. मोठं पातेलं नाही. चाकू पाच-सहा, पण एकाही पात्याला धार नाही. "अगं, हे लोक टोमॅटो चिरतात की दाबतात?" भाड्याच्या घरांतले चाकू बोथट असतात हे इंग्लंडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, अनुभवी लोक आपला चाकू घरून घेऊन येतात. आमच्या गाडीत चाकू होता, कुकर होता, लोखंडी तवा, भाजणी, गोडा मसाला होता. शेगडी इंडक्शनची निघाली. तिच्यावर लोखंडी तवा चालतो, ॲल्युमिनियमचा कुकर मात्र ती ओळखतच नाही. आत्याने तो हिरमुसून पिशवीत परत ठेवला आणि वरण-भात शिजवायला मालकांचं स्टीलचं पातेलं घेतलं. डाळ शिजायला इतका वेळ लागला की तेवढ्यात शेजारच्या डोंगरावरचं ऊन उतरून गेलं.

मग तिने फोडणी केली. मोहरी तडतडली, हिंग पडला आणि छतावरचा धुराचा गजर किंचाळायला लागला. मी टॉवेल हलवत खुर्चीवर चढले, आत्या पळी हातात धरून निश्चल. "पोलीस येतील का गं?" कोणी येत नाही. खिडक्या उघडायच्या एवढंच. त्या खिडक्या उघडल्या म्हणून मे महिन्यातलं ते खोरं पहिल्यांदा घरात आलं. ओला पाला, माती, कुठेतरी जाळलेलं लाकूड आणि त्या सगळ्यावर लसणाचा वास. आत्याने आधी कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी तर अजून लसूण टाकलाच नाहीये."

तो रानलसणीचा वास होता. इथल्या जुन्या जंगलांत वसंतात झाडांखालची ओलसर जमीन तिच्या रुंद पानांनी आणि पांढऱ्या फुलांनी झाकून जाते. आमच्या घरामागच्या बांधावरही ती होती आणि हवी तेवढी तोडा म्हणून मालकीणबाईंची चिठ्ठी होती. तोडताना सांभाळावं लागतं, तिच्याच आसपास तशाच दिसणाऱ्या पानांची विषारी झाडं उगवतात. म्हणून एकेक पान चुरगाळून हुंगायचं. आत्याने ती पानं बारीक चिरून भाजणीत घातली. थालीपिठाला मधोमध भोक पाडून तेल सोडलं आणि तव्यावर झाकण घातलं. एव्हाना तिला शेगडीची नस सापडली होती. गजर वाजला नाही.

इंग्लंडमधल्या घरांत भांडी घासायचं सिंक बहुधा खिडकीखाली असतं. हे ज्या कुणी पहिल्यांदा ठरवलं त्या माणसाला बाईच्या जन्माची काहीतरी जाण असली पाहिजे. आमच्या सिंकसमोर नदी होती. दुपारी भांडी घासताना ती खोल गेलेली, दोन्ही काठांना तपकिरी चिखल, पाणी मधोमध आक्रसलेलं. संध्याकाळी कुकराऐवजी वापरलेलं ते पातेलं घासायला उभी राहिले तर नदी काठोकाठ भरलेली आणि तिच्यावरची एक फांदी उलट, वरच्या अंगाला निघालेली. वाय थोडं खाली चेपस्टोपलीकडे सेव्हर्नच्या मुखाला मिळते आणि तिथली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. मोठ्या उधाणाला पाणी चौदा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ते पाणी टिंटर्न ओलांडून पार बिग्सवेअरच्या पुलापर्यंत येतं. कोकणातल्या माणसाला खाडीचं हे वागणं नवीन नाही. पण आत्या घाटावरची, तिच्या डोळ्यांपुढे कृष्णा. नदीने माघारी फिरावं हे तिला काही पटेना. दुसऱ्या दिवसापासून तिने भांड्यांची वेळ भरतीवर बेतायला सुरुवात केली.

त्याच पाण्यावर इथला सगळा जुना व्यापार चालायचा. भरतीबरोबर येणारी मोठी गलबतं ब्रॉकवेअरला थांबत, माल छोट्या होड्यांत भरला जाई आणि पुढे माणसं त्या होड्या दोरांनी ओढत नेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून टिंटर्नला तार ओढण्याचे कारखाने होते, आसपास लोखंडाच्या भट्ट्या होत्या. म्हणजे गिल्पिन आले तेव्हा हे खोरं धुराने आणि घणांच्या आवाजाने भरलेलं होतं. नंतर 1876 साली रेल्वे आली, 1959 साली प्रवाशांसाठी बंद झाली. आता त्या स्टेशनात चहा मिळतो.

दूध संपलं की आम्ही ब्रॉकवेअरचा पूल ओलांडायचो. नदी इथे सरहद्द आहे; अलीकडे वेल्स, पलीकडे इंग्लंड. दूध आणायला परदेशी जायचं याची आत्याला भारी मजा. पलीकडे चढावर गावकऱ्यांनी मिळून काढलेलं दुकान आहे. तिथे गावातलीच माणसं हौसेने काम करतात. आत्याला इंग्रजी येतं, पण बोलायला लाजते. तिथे मात्र एका आजोबांशी तिने बटाट्याच्या जातीवरून बराच वेळ वाद घातला, कारण तिला भाजीत न विरघळणारा बटाटा हवा होता. मठाच्या तिकीटखिडकीवर असा वाद घालता येत नाही.

मठात गेलो नाही असं नाही. सिस्टर्शियन संन्याशांनी 1131 साली तो वसवला, आजचं मोठं चर्च तेराव्या शतकाच्या अखेरचं. 1536 साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बरखास्त झाला, छताचं शिसं काढून नेलं गेलं आणि आभाळ आत आलं. लोक पश्चिमेच्या खिडकीखाली मान वर करून उभे राहतात. राहावं अशीच ती आहे. आत्या मात्र उत्तरेच्या अंगाला भटकत गेली आणि तिला हवं ते सापडलं, स्वयंपाकघर. एका बाजूला संन्याशांची भोजनशाळा, दुसऱ्या बाजूला कष्टाची कामं करणाऱ्या बंधूंची, मध्ये हे, आणि ताटं पलीकडे सरकवायला भिंतीत झरोका. जवळच ऊब घ्यायची खोली. स्वयंपाकघर आणि आजाऱ्यांची जागा सोडली तर विस्तव असे तो या खोलीतच. आत्याने भिंतीला हात लावला. "हिवाळ्यात सगळे स्वयंपाक्याची खुशामत करत असणार," ती म्हणाली.

कवी वर्ड्सवर्थ 1798च्या जुलैमध्ये बहिणीबरोबर पायी या बाजूला आला. इथून निघताना त्याने ती प्रसिद्ध कविता रचायला घेतली आणि ब्रिस्टलमध्ये शिरताना पुरी केली. त्याचा नातू, तोही विल्यम वर्ड्सवर्थच, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य झाला. हे सांगितल्यावर आत्याने पहिल्यांदाच त्या कवीत रस घेतला. "म्हणजे त्याच्या नातवाने आमटी खाल्ली असेल."

एका सकाळी आम्ही पूर्वेचा काठ चढून सैतानाचं व्यासपीठ म्हणतात त्या चुनखडीच्या सुळक्याशी गेलो. राजा ऑफाने आठव्या शतकात घातलेला बांध तिथून जातो. खाली मठ, नदीचं वळण, दोन्ही अंगांना झाडी. पाद्रीबुवांचे सगळे नियम एका नजरेत पुरे होतात. मी फोटो काढला आणि मग बराच वेळ खालच्या छपरांत आमच्या सिंकची खिडकी शोधत राहिले.

शुक्रवारी कोंबडीचा रस्सा करायचं ठरलं होतं. सुपरमार्केटातून आणलेली स्वस्त कोंबडी फ्रिजमध्ये होती. पण वायच्या काठी स्वयंपाक करायचा तर कोंबडीची गोष्ट टाळता येत नाही. वरच्या अंगाला, हेरफर्डशायर आणि पाउइसमध्ये, लांबलचक शेडमध्ये कोंबड्या वाढतात. या नदीच्या पाणलोटात एका वेळी दोन कोटींच्या घरात असतात असा अंदाज नेहमी सांगितला जातो. त्यांची विष्ठा खत म्हणून शेतांत पडते, मातीला पेलत नाही इतका फॉस्फरस पावसाबरोबर नदीत उतरतो. शेवाळ माजून पाणी हिरवं, गढूळ होतं आणि तळाशी उन्हावर जगणारी पांढऱ्या फुलांची पाणवनस्पती गुदमरते. तिच्या आधाराने राहणारे किडे जातात, मग मासे. 2023 साली इंग्लंडच्या निसर्ग खात्याने नदीची प्रकृती खालावत असल्याचा शेरा अधिकृतपणे मारला. हे सगळं मी कांदा परतता परतता आत्याला सांगत होते. सिंकसमोरून पाहिलं तर नदी सुरेखच दिसते. गिल्पिन आजही खूश झाले असते.

आत्याने शेगडी बंद केली. "त्या कोंबडीचा विचार उद्या करू. आज पिठलं." पिठल्याने नदी स्वच्छ होत नाही हे तिलाही माहीत होतं, आणि कोंबडी दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पेटीत बसून आमच्याबरोबर घरी आली.

निघायच्या सकाळी धावपळ. चादरी काढायच्या, कचरा चार रंगांच्या डब्यांत वेगळा करायचा, फ्रिज रिकामा करायचा. मीठ, तेल, चहा पुढच्यांसाठी ठेवून जायची इथली रीत. आत्याने त्यांच्याशेजारी हळदीची पुडी ठेवली. मी अभिप्रायाची वही उघडली. पानांमागून पानं नदीचं सौंदर्य, मठावरचा सूर्यास्त, रात्रीचे तारे. आत्याने माझ्या हातून पेन घेतलं आणि ठसठशीत मराठीत लिहिलं: "चाकूंना धार लावून घ्यावी. मोठं पातेलं हवं. फोडणी करताना डावीकडची खिडकी आधी उघडावी. दुकानातल्या आजोबांकडे चांगला बटाटा मिळतो, पण मागावा लागतो." खाली सही, गाव वाई, जिल्हा सातारा. दहाला पाच कमी होते.