हवालदाराची युनियन

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील पोलिसात शिपाई आहेत. गोवंडीच्या उर्दू शाळेत पोलिसाची मुलगी हे तसे नवलच. पालकसभेला ते एकदाच आले, रात्रपाळी संपवून थेट गणवेशात. सलाम करून दारातच उभे राहिले. "सर, उभ्यानेच सांगा. बसलो तर झोप लागेल."

आम्ही सहज विचारले, "तुमची युनियन नाही का हो?"

ते हसले. "युनियन तुमची, सर. आम्ही नुसतं नाव काढलं तरी नोकरी जाईल."

खरेच आहे. पोलिसांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा १९६६ चा कायदा आहे. परवानगीशिवाय युनियनचे सभासद होणाऱ्या पोलिसाला त्यात तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे. तरी महाराष्ट्रात पोलिसांची संघटना एके काळी होती. आमचे अब्बा १९८२ साली गिरणीत साचेखात्यात बदली कामगार होते आणि जानेवारीपासून संपावर होते. त्यांच्याकडून ऐकलेले: स्वातंत्र्यदिनी पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. मग संघटनेचे पुढारी पकडले गेले आणि १८ ऑगस्टला मुंबईचे पोलीसच रस्त्यावर आले. गिरणी कामगारही त्यांच्यात मिसळले. "ज्याची लाठी खायची, त्याच्याच बाजूला त्या दिवशी उभे होतो," असे अब्बा म्हणत. लष्कर बोलवावे लागले. संघटनेची मान्यता गेली, कित्येकांची नोकरी गेली.

त्यानंतर पोलिसाला जे मिळाले ते मेहेरबानी म्हणून. २०१६ मध्ये आमच्या शेजारच्याच देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना एका शिपायाची होती, आयुक्तांनी ती मानली. चांगलेच झाले. पण साहेबाने दिलेले साहेब परतही घेऊ शकतो. करार असता तर निदान विचारता तरी आले असते.

मोहल्ल्यात हे बोललो की लोक आमच्याकडे संशयाने बघतात. पोलिसांना आणखी ताकद? १९९२-९३ विसरलात काय? विसरलो नाही. श्रीकृष्ण आयोगाने ३१ पोलिसांवर ठपका ठेवला होता. त्यांचे पुढे काय झाले हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण तेव्हा संघटना कुठे होती? तिला मोडून दहा वर्षे झाली होती. दोषींना वाचवायला युनियन लागली नाही.

मात्र युनियनही वाचवते, हेही खोटे नाही. अमेरिकेत मिनियापोलिस शहरी २०२० च्या मे महिन्यात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉईडचा जीव गेला. जूनमध्ये तिथल्या पोलीसप्रमुखांनी पोलीस संघटनेशी चाललेली कराराची बोलणी थांबवली. त्या करारात पगार आणि कामाचे तास होतेच. शिवाय शिक्षा झालेल्याला लवादाकडे जायची वाटही होती, आणि काढलेला शिपाई त्या वाटेने परत येऊ शकत असे. रजा, घर, पाळी, साहेबाच्या घरची कामे यांवर पोलिसांनी खुशाल घासाघीस करावी. कुणाला मारहाण केल्याच्या चौकशीवर नको. तिथे बाहेरची माणसे हवीत.

हे म्हणायला आम्हाला तोंड आहे का? पहिल्या नोकरीच्या शाळेत आमच्या एका सहकाऱ्याने पाचवीतल्या पोराला इतके मारले की कानातून रक्त आले. आमच्या शिक्षक संघटनेचे शिष्टमंडळ गेले आणि प्रकरण 'आपसात मिटले'. त्या शिष्टमंडळात आम्हीही होतो. पोराची आई व्हरांड्यात बसून होती. तिच्याकडे न बघता आम्ही जिना उतरलो.

त्या दिवशी का कोण जाणे, आम्ही हे त्या शिपायाला सांगून टाकले. त्यांनी मुलीच्या प्रगतिपत्रकावर सही केली, टोपी डोक्यावर ठेवली.

"मग सर, संघटनेची वर्गणी बंद केलीत?"

नाही केली. या वर्षीचीही भरली आहे.